पांढऱ्याफटक फिल्ममागचं हाड: लहान मुलांमधला ऑस्टिओपेट्रोसिस एक्स-रेवर कसा ओळखावा

रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षी चार महिन्यांच्या एका बाळाची छातीची फिल्म माझ्यासमोर आली. न्यूमोनिया आहे का, एवढंच बघायचं होतं. बरगड्या पांढऱ्याफटक दिसत होत्या. मी टेक्निशियन काकांना म्हटलं, "काका, पेनिट्रेट झाली नाही. केव्ही वाढवून परत काढा ना." केव्ही म्हणजे किरणांचा जोर. त्यांनी काढली. तशीच आली. तिसरी काढून हातात देताना ते म्हणाले, "डॉक्टर, मशीन ठीक आहे. आता बाळाकडे बघा."

बाळाला ऑस्टिओपेट्रोसिस होता, म्हणजे हाडं वाजवीपेक्षा दाट होत जाणारा जनुकीय आजार. फुफ्फुसं बघण्याच्या नादात मी हाडं पाहिलीच नव्हती, आणि त्यापायी बाळाला दोन वेळा विनाकारण किरण मिळाले. हा आजार इतका दुर्मिळ आहे की एखाद्या बालरोगतज्ज्ञाला अख्ख्या कारकिर्दीत तो दिसणारही नाही. लहान बाळांमधला गंभीर प्रकार साधारण अडीच लाख जन्मांत एक, आणि उशिरा दिसणारा सौम्य प्रकार सुमारे वीस हजारांत एक. मात्र तो पहिल्यांदा सापडतो तो पुष्कळदा अशाच, भलत्याच कारणासाठी काढलेल्या छातीच्या फिल्मवर. म्हणून हा लेख तालुक्याच्या ठिकाणी फिल्म वाचणाऱ्या डॉक्टरांसाठी आणि त्या काढणाऱ्या टेक्निशियनसाठी आहे. निदान हाती घेऊन इंटरनेट धुंडाळणाऱ्या आईबाबांनाही यातलं बरंच कळेल.

आधी दोन शब्द बिघाडाबद्दल

हाड म्हणजे सतत दुरुस्ती चालू असलेलं घर. ऑस्टिओब्लास्ट पेशी बांधतात, ऑस्टिओक्लास्ट पेशी जुनं हाड विरघळवून उचलतात. ऑस्टिओपेट्रोसिसमध्ये गवंडी रोज कामावर येतो, राडारोडा उचलणारा मात्र येत नाही, किंवा येऊन नुसता बसून राहतो. हाड विरघळवायला आम्ल लागतं. ते आम्ल बाहेर सोडणारा पंप टीसीआयआरजी१ या जनुकावर अवलंबून असतो आणि गंभीर प्रकारातल्या जवळपास निम्म्या मुलांमध्ये दोष तिथेच असतो. सीएलसीएन७, ओएसटीएम१, सीए२, टीएनएफएसएफ११ ही आणखी काही नावं. ही नावं पाठ करायची गरज नाही, पण शेवटचं लक्षात ठेवा. पुढे उपचाराच्या वेळी ते आडवं येतं.

जुनं हाड उचललं न गेल्यामुळे तीन गोष्टी होतात. रक्त तयार करणाऱ्या मज्जेची पोकळी भरून जाते, म्हणून रक्त कमी पडतं आणि यकृत-प्लीहा वाढतात. कवटीतून नसा बाहेर पडण्याची भोकं आवळत जातात, म्हणून नजर जाते. आणि हाड दगडासारखं घट्ट होऊनही खडूसारखं कटकन मोडतं. एक्स-रेवर दिसणारी प्रत्येक खूण या तिन्हींपैकी कशाची तरी सावली असते.

पायरी १: फिल्मच्या आधी बाळ बघा

शंका कधी घ्यायची? बाळ तीन-चार महिन्यांचं झालं तरी आईच्या चेहऱ्यावर नजर ठरत नाही, बुबुळं थरथरतात. नाक कायम चोंदलेलं, आणि सर्दीची औषधं देऊन उपयोग नाही, कारण अडथळा हाडाचा आहे. डोकं मोठं, कपाळ पुढे आलेलं. हिमोग्लोबिन कमी, लोहाचे थेंब दिले तरी वाढत नाही. प्लीहा हाताला लागते. कधी कधी पहिलं लक्षण म्हणजे कॅल्शियम उतरल्यामुळे आलेली फिट. दात उशिरा येतात, पण ते कळेपर्यंत वेळ गेलेली असते.

घरातला इतिहास विचारताना नुसतं "घरात कुणाला हाडांचा आजार आहे का" विचारून भागत नाही. आईबाबांचं लग्नाआधीचं नातं विचारा. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत अनेक समाजांत आहे आणि गंभीर प्रकार दोन्हीकडून दोष आल्याशिवाय होत नाही. आधीचं एखादं मूल "रक्त कमी होऊन" गेलं का, हेही हळुवारपणे विचारावं लागतं. आजीला समोर बसवून विचारू नका, खरं उत्तर मिळत नाही.

पायरी २: कोणत्या फिल्म मागवायच्या

एका छातीच्या फिल्मवर निदान पक्कं करायचं नाही. शंका आली की एवढ्या मागवा: कवटीची बाजूने आणि समोरून, पाठीच्या कण्याची बाजूने, कमरेच्या हाडांची, एका पायाची मांडीपासून घोट्यापर्यंत, आणि एका हाताच्या पंजाची. बाळ चिमुकलं आहे म्हणून सगळं एकाच फिल्मवर उरकण्याचा मोह टाळा. तसल्या "बेबीग्राम"मध्ये हाडांच्या टोकांचा तपशील हरवतो.

टेक्निशियनसाठी दोन गोष्टी. हाडं कटकन मोडणारी आहेत, तेव्हा हातपाय ओढून, पिळून पोझिशन द्यायची नाही. जमेल तेवढीच द्यायची आणि रिपोर्टमध्ये तसं नोंदवायचं. बाळाला धरायला घरातलं कुणी लागलं तर लेड एप्रन घालून धरावं, आणि पुन्हा दिवस गेलेल्या आईला तर अजिबात थांबवू नये.

पायरी ३: पांढरेपणा खरा की एक्स्पोजरचा

माझी चूक इथेच झाली होती, म्हणून जरा थांबतो.

एक्स्पोजर कमी पडलं की फिल्मवर सगळंच फिकट होतं. हाडं पांढरी, स्नायूही पांढरट, हृदयाच्या मागचे मणके दिसतच नाहीत. ऑस्टिओपेट्रोसिसमध्ये उलट असतं. काखेतली चरबी, दंडाचे स्नायू यांच्या करड्या छटा जिथल्या तिथे असतात, फुफ्फुसं नेहमीसारखी काळी असतात, आणि हाडंच तेवढी उठून दिसतात. हृदयाच्या मागचे मणके तर खडूने काढल्यासारखे स्पष्ट. मऊ भाग नीट आणि हाड तेवढं पांढरं, असं असेल तर मशीनचा दोष नाही. पुन्हा एक्स्पोजर देऊ नका.

आता डिजिटल एक्स-रेची गोष्ट, जी आमच्या काळात नव्हती. आजची यंत्रं प्रतिमा आपोआप "सुंदर" करून देतात. हाड फार पांढरं आलं तर संगणक उजेड-काळोख जुळवून घेतो आणि पडद्यावर जवळपास नेहमीसारखं चित्र येतं. त्यामुळे आज आजार सुटण्याची वाट माझ्या चुकीच्या उलट दिशेने जाते. तेव्हा पांढरी फिल्म पाहून आम्ही मशीनला दोष देत होतो, आता मशीन पांढरेपणाच झाकून टाकतं. म्हणून पांढरेपणावर भरवसा ठेवायचा नाही. हाडाच्या आतली सीमारेषा शोधायची, कारण ती संगणकाला निर्माण करता येत नाही.

पायरी ४: सीमारेषा शोधा

निरोगी बाळाच्या मांडीचं हाड डोळ्यांसमोर आणा. दोन बाजूंना दोन पांढऱ्या रेघा, तो बाहेरचा कठीण थर, कॉर्टेक्स. मध्ये करडी पन्हळ, ती मज्जेची पोकळी. बांबू उभा चिरल्यावर दिसतो तसं.

ऑस्टिओपेट्रोसिसमध्ये तो बांबू भरीव झालेला असतो. काठापासून काठापर्यंत एकच पांढरा रंग. कॉर्टेक्स कुठे संपतो आणि पोकळी कुठे सुरू होते, हे बोटाने दाखवता येत नाही. निदानाचा कणा हीच खूण, बाकीच्या तिला दुजोरा देणाऱ्या. मी रेसिडेंटना एक खेळ लावत असे: पडद्यावर कर्सर ठेवायचा आणि मांडीच्या हाडाच्या मधोमध आडवा नेत "पांढरं, करडं, पांढरं" असं मोठ्याने म्हणायचं. "पांढरं, पांढरं, पांढरं" आलं की उठायचं आणि वॉर्डात फोन करायचा.

हाच खेळ बरगड्या, गळ्याजवळची हसळी आणि दंडाच्या हाडावर करा. हातात फक्त छातीची फिल्म असली तरी एवढं त्यात मावतं.

पायरी ५: हाडाची टोकं

वाढत्या हाडाचं टोक रुंद असतं आणि वाढ पुढे सरकते तसं मागचं हाड तासून निमुळतं केलं जातं. तासणाराच नाही म्हटल्यावर टोक पसरटच राहतं. मांडीच्या हाडाचं गुडघ्याकडचं टोक त्यामुळे शाळेच्या प्रयोगशाळेतल्या शंकुपात्रासारखं दिसतं. पुस्तकात याला "अर्लेनमायर फ्लास्क" म्हणतात. एक सावधगिरी: ही ठेवण घडायला महिने लागतात. नवजात बाळात शंकुपात्र दिसलं नाही म्हणून आजार नाही असं ठरवू नका.

टोकाशी आडवे गडद-फिकट पट्टेही दिसू शकतात, जणू आजार मधूनच श्वास घ्यायला थांबला होता. आणि कधी टोकं चिंधीसारखी विस्कटलेली, वाटीसारखी खोलगट, म्हणजे चक्क मुडदुसासारखी दिसतात. इथे भलेभले गोंधळतात. इतकं कॅल्शियम साठलेल्या हाडात मुडदूस कसा? हाडात साठलेलं कॅल्शियम बाहेरच येत नाही, त्यामुळे रक्तात त्याची टंचाई होते आणि नवं हाड कच्चं राहतं. पैसा सगळा मुदत ठेवीत अडकला आणि भाजीला सुटे नाहीत, अशी गत. टोकं मुडदुसाची आणि मधला भाग भरीव, अशी जोडी दिसली तर नुसतं "रिकेट्स" लिहून मोकळे होऊ नका. व्हिटॅमिन डीचा मोठा डोस देऊन बाळ घरी गेलं की पुढचे मौल्यवान महिने हातातून जातात.

पायरी ६: हाडात हाड, आणि मणक्यांचं सँडविच

कधी मोठ्या हाडाच्या आत त्याच आकाराचं छोटं हाड ठेवल्यासारखं दिसतं. मणके, कमरेचं हाड आणि बोटांची हाडं या या खुणेच्या आवडत्या जागा. मण्यात मणी. पाहायला सुरेख, पण एकट्याच्या जोरावर निदान करण्यासारखं नाही, कारण पहिल्या महिना-दोन महिन्यांत निरोगी बाळांच्या मणक्यांतही असं दिसू शकतं.

मोठ्या मुलांत आणि सौम्य प्रकारात मणक्याचा वरचा आणि खालचा काठ ठसठशीत पांढरा, मधला भाग फिका. तेच सँडविच. किडनीच्या जुन्या आजारातही मणक्यांवर आडवे पट्टे येतात. त्यांना रग्बी खेळाडूंच्या जर्सीची उपमा देतात. फरक कडेचा आहे: सँडविचच्या कडा सुरीने कापल्यासारख्या असतात, जर्सीचे पट्टे ओल्या कापडावर रंग पसरावा तसे धूसर. मला विचाराल तर हा फरक फिल्मवर घासत बसण्यापेक्षा रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची चाचणी, तपासून घ्यावं, तासाभरात उत्तर मिळतं.

पायरी ७: कवटी

कवटीत बुडाकडे बघा. वरचा घुमट पातळ दिसत असतानाही तळ जाड, पांढरा, दगडी असतो. डोळ्यांच्या खोबणींचे काठ इतके दाट होतात की समोरून काढलेल्या फिल्मवर बाळाने मुखवटा चढवल्यासारखं वाटतं. कानामागच्या हाडात हवेचे कप्पे तयार झालेले नसतात. मोठ्या मुलांत चेहऱ्यातल्या सायनसच्या पोकळ्याही भरलेल्या असतात.

साध्या एक्स-रेवर डोळ्यांच्या नसेचा बोगदा मोजता येत नाही. त्यासाठी सीटी लागतो, आणि नजर किती शिल्लक आहे हे बघायला डोळ्यांची व्हीईपी तपासणी. सीटीत मेंदूच्या आत चुन्याचे ठिपके दिसले आणि मुलाच्या रक्तात आम्ल साचत असेल, तर सीए२ प्रकार डोक्यात आणा. हे ठिपके सहसा बाळपण सरल्यावर उमटतात, त्यामुळे लहान वयात ते नसल्याने काही सिद्ध होत नाही.

पंजाची फिल्म एकाच प्रश्नासाठी: बोटांची टोकं शाबूत आहेत का? का, ते पुढे येतंच.

पायरी ८: मोडलेलं हाड

फ्रॅक्चर आडवं, सरळ रेषेत गेलेलं असतं, खडू मोडावा तसं. किरकोळ पडण्याने झालेलं. वेगवेगळ्या वयाची फ्रॅक्चर दिसली की घरात मारहाण होते का, अशी शंका डॉक्टरच्या मनात येणं स्वाभाविक आहे, आणि यायलाही हवी. पण पोलिसांना कळवण्याआधी हाडाची सीमारेषा एकदा तपासा. दुसरीकडे, आजार सापडला म्हणून मूल घरी सुरक्षित आहे हे आपोआप सिद्ध होत नाही. दोन्ही प्रश्न स्वतंत्र आहेत.

ऑर्थोपेडिक सहकाऱ्यांना आधी सांगून ठेवा, ड्रिल तापतं आणि तुटतं, स्क्रू पकड घेत नाही. आणि दाताच्या डॉक्टरांना तर आवर्जून सांगा. दात काढल्यावर जबड्याच्या हाडात घुसलेला जंतुसंसर्ग या मुलांत वर्षानुवर्षं पाठ सोडत नाही.

सारखे दिसणारे भिडू

गल्लत सगळ्यात जास्त होते ती पिक्नोडायसोस्टोसिसशी. हाडं तशीच दाट, फ्रॅक्चरही होतात, पण मूल ठेंगणं असतं, डोक्यावरची टाळू मोठेपणीही उघडी राहते, खालच्या जबड्याचा कोन सपाट होऊन हनुवटी मागे जाते आणि बोटांची टोकं झिजलेली असतात. पंजाची फिल्म त्यासाठी होती. मज्जेची पोकळी बरीच शाबूत असते, त्यामुळे रक्त सहसा ठीक असतं. या मुलाला मज्जा प्रत्यारोपणाच्या रांगेत लावणं म्हणजे घोडचूक.

शिसं पोटात गेलेल्या मुलांत वाढीच्या टोकांशी दाट पांढरे पट्टे येतात, पण मधल्या भागात "पांढरं, करडं, पांढरं" नीट म्हणता येतं. हाडांची झीज रोखणारं बिस्फॉस्फोनेट औषध सलाइनमधून घेणाऱ्या मुलांत प्रत्येक डोसची एक रेघ उमटते, झेब्र्यासारखी. तिथे फाईल वाचली तरी पुरे.

यवतमाळ, चंद्रपूर भागातली फिल्म असेल तर फ्लोरोसिस विसरू नका. बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडने कणा आणि कंबर दाट होते, पण ते वर्षानुवर्षं पाणी पिऊन होतं. दातांवर तपकिरी डाग असतात, आणि कोपराखालच्या दोन हाडांमधल्या पडद्यात चुना साठतो. सहा महिन्यांच्या बाळात फ्लोरोसिसचं निदान करणाऱ्याने फिल्म बाजूला ठेवून चहा घ्यावा आणि पुन्हा बघावं.

शंकुपात्राचा आकार थॅलेसेमियात आणि पेशींत चरबी साठणाऱ्या गोशे आजारातही दिसतो, प्लीहाही तशीच वाढलेली. फरक एका नजरेत कळतो: तिथलं शंकुपात्र रिकामं असतं, काच पातळ आणि आत पोकळी फुगलेली. आपलं शंकुपात्र काठोकाठ भरलेलं. शेवटी नवजात बाळ, त्यातही वेळेआधी जन्मलेलं. अशा बाळांची हाडं काही आठवडे मुळातच दाट दिसतात. बाळ बाकी ठणठणीत असेल तर थोडं थांबून पुन्हा बघता येतं. प्लीहा वाढलेली असेल किंवा नजर ठरत नसेल तर थांबायचं नाही.

पायरी ९: रिपोर्ट आणि फोन

रिपोर्टमध्ये "हाडांची घनता वाढलेली, क्लिनिकल माहितीशी जुळवून बघावे" असं लिहून हात झटकणं मला पटत नाही. स्पष्ट लिहा: सर्व हाडं दाट, कॉर्टेक्स व मज्जापोकळी यांची सीमा नाही, ऑस्टिओपेट्रोसिसची दाट शंका, तातडीने रक्ततपासणी व डोळ्यांची तपासणी करावी. आणि फोन करा. रिपोर्ट कपाटात पडून राहतो, फोन राहत नाही.

तपासण्यांमध्ये रक्ताचा पूर्ण अहवाल आणि स्मिअर, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, पॅराथायरॉइड हॉर्मोन, रक्तातलं आम्ल, आणि जनुक तपासणी. जनुकाचा अहवाल ही हौस नव्हे. हाड खाणाऱ्या पेशी मज्जेतूनच तयार होतात, म्हणून दात्याची मज्जा दिली की नवे कामगार येतात आणि साठलेलं हाड उचलू लागतात. पण टीएनएफएसएफ११च्या दोषात कामगार ठीक असतात, त्यांना बोलावणारा निरोपच निघत नाही. तिथे प्रत्यारोपणाचा उपयोग होत नाही. ओएसटीएम१च्या आणि सीएलसीएन७च्या काही प्रकारांत मेंदूही झिजत जातो, आणि तो प्रत्यारोपणाने थांबत नाही. गंभीर प्रकारात उपचाराविना बहुतेक मुलं पहिली दहा वर्षं ओलांडत नाहीत. गेलेली नजर सहसा परत येत नाही, त्यामुळे प्रत्यारोपण शक्य तितकं लवकर, पहिल्या काही महिन्यांत व्हावं लागतं.

खर्चाचं ऐकून आईबाबा तिथेच खचतात. केंद्र सरकारच्या २०२१च्या दुर्मिळ आजार धोरणात ऑस्टिओपेट्रोसिस पहिल्या गटात, म्हणजे एकदाच्या उपचाराने बरा होऊ शकणाऱ्या आजारांत आहे. २०२२पासून ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे, पण ती नेमून दिलेल्या केंद्रांमार्फतच मिळते. मुंबईचं केईएम रुग्णालय त्यातलं एक. रेफरल चिठ्ठीवर आजाराचं नाव पूर्ण लिहा. "हाडांचा आजार, पुढील उपचारार्थ" अशा चिठ्ठीने बाळ आधी हाडांच्या ओपीडीत दिवस काढतं. पुढच्या बाळंतपणाचा प्रश्नही याच भेटीत निघतो: दोघेही दोषाचे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक धोका असतो, आणि घरातला जनुकीय दोष नेमका माहीत असेल तर गर्भाची तपासणी करता येते.

जाता जाता, ज्यांच्या नावानेही हा आजार ओळखला जातो ते हॅम्बुर्गचे अल्बर्स-श्योनबर्ग हे जगातल्या पहिल्या रेडिओलॉजिस्टपैकी एक. १९०४मध्ये त्यांनी ही हाडं एक्स-रेवर दाखवली. किरणांमुळे प्राण्यांच्या वृषणांना इजा होते हे त्यांनी त्याआधीच, १९०३मध्ये सांगितलं होतं. पुढे किरणांच्या दुष्परिणामांनीच १९२१मध्ये ते गेले. विनाकारण तिसरी फिल्म काढायला सांगताना मला ते आठवायला हवे होते.

प्रत्यारोपणानंतरच्या फिल्म

प्रत्यारोपण लागू पडलं की नाही हे आधी रक्तात कळतं, मग हाडात. दर भेटीला सगळा सांगाडा पुन्हा काढायची गरज नाही. त्याच पायाची, त्याच पोझिशनमध्ये, ठरावीक अंतराने एक फिल्म पुरते. पहिली फिल्म आणि सीडी आईबाबांनी जपून ठेवावी, गावाहून येताना बरोबर आणावी. नव्या पेशी जुनं हाड झपाट्याने विरघळवू लागल्या की रक्तातलं कॅल्शियम एकदम चढू शकतं, विशेषतः थोड्या मोठ्या मुलांत. तेव्हा फिल्म सुधारतेय म्हणून रक्ततपासणी चुकवू नये.

बदल बघायचा तो वाढीच्या टोकाजवळ. तिथे तयार होणारं नवं हाड नेहमीसारखं, करडं येतं आणि जुना पांढरा भाग हाडाच्या मध्याकडे मागे पडत जातो. मग काही महिन्यांनी मांडीच्या हाडाच्या मधोमध एक बारीक करडी रेघ दिसू लागते. कर्सर आडवा न्या आणि मोठ्याने म्हणा: पांढरं, करडं, पांढरं.